पुंजाच्या नावाचा खुलासा

प्रिय योगेश,

तुझ्या आईला वर 'माननीय' लिहायचं होतं. मी म्हटलं, माननीय तो निफाडच्या बाजारात. आमच्या घरात तो अजून प्रियच आहे, आणि तेही नीट वागला तर. बोलणारी मी, लिहिणारी तुझी आई. जिथं अक्षर वाकडं दिसेल तिथं समज, की सुवर्णाला माझं म्हणणं पटलेलं नाही. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, वरून साखर पेरायची नाही. तिनं मान हलवलीय. पण तुझी आई मान हलवते आणि करते मनासारखंच, हे तुला मी सांगायला नको.

फोन का नाही केला म्हणशील. फोन केला की तो तुझा किशोर उचलतो. "आजी, साहेब सभागृहात आहेत." "आजी, साहेब बैठकीत आहेत." परवा तर म्हणाला, "साहेब जरा चिंतनात आहेत." मी म्हटलं, झोपलाय म्हण की रे सरळ! आणि तू स्वतः उचललास तरी 'हो आजी, हो आजी' करत दुसऱ्याच कुणाला हातानं खुणा करत असतोस. दिसत नसलं तरी कळतं मला. कागदाला नुसतं 'हो हो' करून भागत नाही, म्हणून हे पत्र. बुधवारी तुझी आई द्राक्षांची पेटी घेऊन मुंबईला येतेय, ती तुझ्याच हातात देईल. आधी वाच, मग खा.

इकडची काढणी अर्ध्यावर आलीय. व्यापारी रोज येतो, मणी तोंडात टाकतो आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करतो. म्हणजे गोडी चांगली भरलीय. तुझा बाप त्याच्याशी भांडतो, मग दोघं मिळून चहा पितात. सुरगाण्याकडची माणसं यंदाही मजुरीला आलीत, बागेच्या कडेला त्यांची पालं पडलीत. दत्तूआबा संक्रांतीला झटका आल्यापासून बहिणीकडंच, म्हणजे आपल्याकडं आहे, पुढच्या खोलीत. डावा हात अजून उचलत नाही, पण जीभ शाबूत आहे, त्यामुळं परवापरवापर्यंत मास्तरकी चालू होती. मी 'टीवी' म्हटलं की मला सुधारायचा. त्याचं सविस्तर नंतर सांगते.

तुझं भाषण आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तुझ्या आईनं मोबाईल टीव्हीला जोडला, दत्तूला खुर्चीत बसवला, शेजारची भागीबाई बसायला स्वतःचा पाट घेऊन आली. ते शाळेचं कूपन म्हणजे काय, ते दत्तूनं आधीच समजावून दिलं होतं. सरकार आईबापाच्या हातात एक कूपन देणार, ते घेऊन पोरानं वाटेल त्या शाळेत जायचं, खाजगी असली तरी. तिथली फी सरकार भरणार. तुझ्या बाजूचे सगळे म्हणतात द्या, गरिबाच्या पोरालाही चांगली शाळा मिळू द्या. समोरच्या बाजूचे सगळे म्हणतात देऊ नका, सरकारी शाळा ओस पडतील. मला एकच नवल वाटलं. इतकी माणसं, आणि इकडच्या बाकावर एकालाही समोरच्याचं थोडंसुद्धा पटत नाही? तिकडच्या बाकावर एकालाही इकडचं? लग्नातसुद्धा मुलाकडचे नि मुलीकडचे मानपानावरून भांडतात, पण एखादा मामा निघतोच, जो म्हणतो, जाऊ द्या हो, त्यांचंही बरोबर आहे. तुमच्याकडं तो मामाच नाही. भागीबाईनं विचारलं, "मंग हे आधीच ठरलेलं असंल तर बोलत्यात कशापायी?" दत्तूनं तिला लोकशाही समजावून सांगितली. तिला झोप लागली.

मग तू उठलास. कोट बरा दिसत होता, केस कापायला हवे होते. आणि तू माझं नाव घेतलंस. "माझी आजी कुसाबाई. तिच्या बापाकडं तिला शाळेत घालायला पैसे नव्हते. म्हणून ती आयुष्यभर अंगठा उठवत राहिली. अध्यक्ष महोदय, तेव्हा हे कूपन असतं, तर माझी आजी आज या सभागृहात बसली असती." तुझ्या बाजूची बाकं धडाधडा वाजली. खरं सांगते, माझीही छाती भरून आली. इतक्या मोठ्या घरात कुणी माझं नाव घेईल, हे माझ्या बापाच्या स्वप्नातही नसेल. मी तुझ्या आईकडं बघून भुवया उडवल्या. सुवर्णा, हेही लिही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकावरच्या त्या बाई उठल्या. आवाज काय खणखणीत! बोलल्या, "सन्माननीय सदस्यांच्या आजीच्या काळातही सरकारी शाळा फुकटच होती. मग मुलगी घरी का राहिली? कारण बापाला मुलीला शिकवायचंच नव्हतं. दोष शाळेचा नाही, अशा बापांचा आहे." आता त्यांच्या बाजूची बाकं वाजली. पुढं दोन्हीकडून इतका गोंधळ झाला की अध्यक्ष उठून गेले. तूही काहीतरी ओरडत होतास, पण माझ्या बापाविषयी नाही, त्यांच्या पक्षाविषयी.

आणि आता चौफुलीवर तुमच्या लोकांनी फ्लेक्स लावलाय. मधोमध मी, स्नेहलच्या लग्नातल्या फोटोतली. नाक छान आलंय. खाली लिहिलंय म्हणे, 'कुसाबाईंना मिळाला असता न्याय.' दूधवाला रोज विचारतो, "आजी, मिळाला का न्याय?" मी सांगते, उद्या ये, आत्ताच विरजण लावलंय.

आता ऐक, बाळा. तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही. रागावून नाही म्हणत. आजीला कोण विचारतं? आजी म्हणजे घरातला खांब, तो कधी रोप होता हे कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्या बापाचं नाव पुंजा. भाषणात तू त्याला नुसता 'बाप' केलास, म्हणून आधी नाव सांगते. पुंजा कंगाल नव्हता. विहीर होती, मोट होती, बैलजोडी होती, घरात वर्षाची बाजरी होती. शाळा गावातच, मारुतीच्या देवळात भरायची, फुकट. माझं नाव त्यानं स्वतः जाऊन घातलं, पाटी स्वतः आणली. गावातल्या चारदोन पोरीच शाळेत जायच्या, त्यातली मी एक. मग दत्तूच्या वेळी बाळंतपणात आमची आई गेली. घरात बाप, मी आणि कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पिणारा तो एवढासा जीव. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायला लागले. तो रडायचा, सगळा वर्ग त्याच्याकडं बघायचा. गुरुजी चांगले होते, पण म्हणाले, पोरी, एकतर हा शिकेल नाहीतर तू, दोघं एकदम नको.

तेव्हा पुंजानं काय केलं माहीत आहे? तांबडं फुटायच्या आत मोट हाणून घ्यायचा आणि शाळेच्या वेळेला देवळासमोरच्या लिंबाखाली येऊन बसायचा. फांदीला झोळी बांधायची, तीत दत्तू, आणि दोरी ह्याच्या हातात. मी आत पाटीवर, तो बाहेर झोळीपाशी. त्या काळात बाप्यामाणसानं दिवसाढवळ्या पोर खेळवत बसायचं! चावडीवरची माणसं जाता-येता टोमणे मारायची. "पुंजा, लुगडं कधी नेसतो रं?" हा हसून म्हणायचा, "नेसलो आस्तो, पर तुह्यासारखं शोभायचं नाय." शिव्या नाहीत, राग नाही. दोरी चालूच.

एके दिवशी मी खिडकीतून बघितलं. पुंजा लिंबाला टेकून बसल्या-बसल्या झोपला होता. तोंड उघडं, पटका सुटलेला, आणि हात मात्र दोरी ओढतच होता. झोपेत, योगेश. माणूस झोपलेला आणि हात जागा. त्या दिवशी मला कळलं, हा असाच बसत राहिला तर एक दिवस मोटेवरून विहिरीत जाईल. मी पाटी गुरुजींच्या पुढ्यात ठेवली, बाहेर आले, आणि त्याच्या हातातली दोरी हळूच काढून घेतली. घरी जाऊन सांगितलं, मला शाळा आवडत नाही, गुरुजींच्या तोंडाला तपकिरीचा वास येतो. त्यानं लय समजावलं. गूळ दिला, दरडावलं, पुन्हा गूळ दिला. मी गूळ खाल्ला आणि हटले नाही. मग तो गावभर सांगत सुटला, आमची कुसा लय हट्टी, तिला शाळाच आवडत नाय. पुढं दत्तू जेमतेम चालायला लागला होता, तेव्हा बाजरीच्या रानात पुंजाला पान लागलं. साप कधी दिसलाच नाही. जाईपर्यंत त्याची समजूत तीच होती, की पोरीला शाळा आवडत नव्हती.

इथं तुझी आई लिहायची थांबली आणि म्हणाली, "अहो आई, इतक्या वर्षांत हे मला कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, तुलाही विचारायला सुचलं नाही ना? लिही पुढं.

कूपन द्यावं की न द्यावं, ते मला ठरवता येत नाही, आणि मी तुला सांगणारही नाही. आपल्या बागेत ती सुरगाण्याकडची रोशनी आहे. आई द्राक्षं काढते आणि ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन बांधावर उभी असते. आपली शाळा तिथून दिसते, घंटा ऐकू येते. तिला कूपन दिलं तर ते कोणत्या हातात धरायचं, ते तुमच्या दोन्ही बाजूंनी बसून एकदा बघा. सध्या सकाळचा तो पोरगा माझ्याकडं असतो. माझा चष्मा त्याला फार आवडतो, आज दोनदा चावला.

किशोरला मी फोनवर विचारून घेतलंय, सभागृहात बोललेलं बदलता येतं का. म्हणाला, "आजी, नोंदलेलं पुसता येत नाही. पण सदस्याला उभं राहून खुलासा करता येतो, अध्यक्षांच्या परवानगीनं." मग हळूच म्हणाला, "पण गुरुवारी मतदान आहे. साहेबांनी आता असं काही केलं तर पक्षात कुणाला आवडणार नाही, समोरचे टाळ्या पिटतील." मला कळतं ते. तुझी पहिलीच वेळ आहे, वरच्यांची मर्जी नुकती बसलीय, फ्लेक्सचेही पैसे गेलेत. मत तू तुझ्या पक्षालाच दे, मी आड येत नाही. पण मतदानाआधी एकदा उभा राहा. म्हण, माझ्या आजीच्या बापाचं नाव पुंजा होतं. त्याच्याकडं पैसे नव्हते हे मी चुकीचं बोललो, आणि त्याला मुलगी शिकवायची नव्हती हे समोरून चुकीचं बोललं गेलं. तो शाळेबाहेर पोर सांभाळत बसायचा. एवढंच. कुणाची बाकं वाजणार नाहीत, हे मला माहीत आहे.

आणि हे माझ्यासाठी नाही रे. मला कुणी कंगालाची लेक म्हटलं काय नि निर्दयाची म्हटलं काय, मी माझा बाप बघितलाय. दत्तूनं नाही बघितला. त्याला बापाचा चेहरासुद्धा आठवत नाही. झोळीची गोष्ट मी त्याला जन्मभर सांगितली नाही, कारण ती सांगितली तर शाळा कुणापायी सुटली हेही त्याला कळलं असतं. त्या बाईंचं भाषण झालं त्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावून विचारलं, "आक्का, बापानं तुला माझ्यासाठी शाळेतून काढलं?" तेव्हा सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू. दोन्ही बाजूंनी सभागृहात बोलले, ते खोटं कसं असेल?" आयुष्यभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस तो. बहिणीच्या शब्दापेक्षा सभागृहाचा शब्द त्याला मोठा. त्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून पडलाय, भाकरीचा घास पुढं केला तर तोंड मिटतो. माझा उच्चारही सुधारत नाही आता. डॉक्टर म्हणतात, औषधं चालू आहेत, पण माणसानं मनावर घ्यायला हवं. मी सांगून झालं, तुझ्या आईनं सांगून झालं. आता त्याला पटेल असं सांगणारा घरात तू एकटाच आहेस. गुरुवारी मी त्याचा पलंग टीव्हीकडं फिरवून घेते. तू उठून उभा राहिलास की त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला बसता करीन.

तुझीच,
पुंजाची लेक कुसा