पटवाऱ्याची घंटा

१ जून. भरमौर

पाय फोडांनी भरलेत. वही तेवढी कोरडी राहिली.

कांगड्याहून निघून अठरा दिवस झाले. तीनशे चाळीस डोकी, तीन कुत्री, एक खेचर, चार माणसं. सगळ्यात पुढे माछलू चाचा आणि त्यांना चिकटून तो म्हातारा बोकड – जमीन मोजल्यासारखा एकेक पाऊल टाकतो, म्हणून नाव पटवारी. मधे चुलतभाऊ बिधी, दिवसभर कडेकडेने पळत असतो. पार मागे टिहरू, आमचा वीस वर्षांपासूनचा गडी. आणि मी? माझ्याकडे खेचर आणि तवा! चंदीगडला अकरा वर्षं कंपनीचा मनुष्यबळ विभाग सांभाळला, दोनशे माणसांना कामं वाटून दिली, आणि इथे मी पीठ मळतो.

पण हे वर्ष निराळं आहे. चाचांचं पुढे चालायचं हे शेवटचं वर्ष. निघतानाच म्हणाले, "खिंड ओलांडली की काठी एकाच्या हातात देईन. बिधी, नाहीतर बिशू." बिशू म्हणजे मी.

मला ती काठी हवी आहे. वहीत लिहायला लाज कसली! नोकरी गेल्यापासून गावात प्रत्येक जण विचारतो, "काय बिशंबर, सुट्टी लांबली वाटतं?" आणि हसतो. काठी हातात आली की तोंडं बंद होतील.

३ जून

दिवसभर चराई. बसून नुसतं बघत होतो.

शेरडं झुडपांवर दोन पाय टाकून वरचा पाला खातात. मेंढरं खाली मान घालून गवत. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. रस्त्याला लागलं की शेरडं पुढे सरतात, नवी वाट बघतात. मेंढरं त्यांच्या मागे घट्ट गोळा होऊन चालतात. सगळी शेरडंच असती तर चंब्यापर्यंत पांगली असती. सगळी मेंढरंच असती तर अजून कांगड्यातच उभी असती, एकमेकांच्या शेपट्या बघत.

आणि आम्ही? दर वर्षी सगळ्या ऑफिसला हॉटेलात नेऊन दोरी ओढायला लावायचो आणि सांगायचो, तुम्ही सगळे नेते आहात! हिशेबनीस नेता, पहारेकरी नेता. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायला कोणी नसायचं.

टिहरूला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाऊजी, सगळेच पुढे गेले तर मागून अस्वल आल्यावर काय करायचं? तुमची वही दाखवायची?"

४ जून

खेचराने लाथ मारली. मांडी काळीनिळी.

६ जून

आज तक्ता केला. सवय जात नाही. कोण काय करतं, त्याचा उपयोग काय.

कुत्री दिवसा झोपतात, रात्री जागतात – ठीक. खेचर ओझं वाहतं – ठीक, स्वभाव सोडून. बिधी, टिहरू ठीक. मग पटवारी. वय अकरा. खच्ची, म्हणजे करडं नाहीत. दूध नाही. अंगावर केस आहेत तेही विरळ. मीठ मात्र सगळ्यात आधी, आणि तेही चाचांच्या तळहातावरून! चालताना चाचांचा हात सतत त्याच्या पाठीवर. बसताना त्याला टेकून बसतात. म्हाताऱ्या माणसाचा लाड, दुसरं काय.

तक्त्यात त्याच्या नावापुढची जागा कोरी राहिली.

७ जून

चराईच्या परवान्यावर शिक्का मारून आणायला चाचांनी बिधीला पाठवलं. कागद आल्यावर मी त्यांच्यापुढे धरला. "तूच वाच," म्हणाले, "चष्मा राहिला." चष्मा वापरतात हे मला माहीत नव्हतं.

पुढे कुगती, मग खिंड. बर्फ अजून आहे म्हणतात.

८ जून

एक काम हातावेगळं केलं. चांगलं केलं की वाईट, ते ठरायचंय.

सकाळी चाचा टिहरूच्या खांद्यावर हात ठेवून देवळात गेले. तेवढ्यात खालच्या घरचा माणूस आला. त्यांच्याकडे नुआला – शंकराला बोललेला नवस. मोठा, शिंगाळ बोकड पाहिजे. पटवाऱ्यावर त्याची नजर खिळली. म्हणाला, दोन तरण्या मेंढ्या देतो. दोन! दोघी पुढच्या वर्षी विणार.

बिधी म्हणाला, "भाई, चाचांना विचारल्याशिवाय नको."

मी म्हणालो, "चाचांना मी सांगतो. निर्णय घ्यायलाही कोणीतरी लागतं."

मी पटवाऱ्याच्या गळ्यातली घंटा काढून घेतली आणि बोकड दिला. अंगावर पाणी शिंपडल्यावर बोकड थरथरला की देवाने तो घेतला, असं आमच्यात धरतात. त्या माणसाने अंगणातच ओंजळभर पाणी टाकून बघितलं. पटवारी लगेच थरथरला. म्हणजे देवाचीही हरकत नव्हती!

दुपारी चाचा आले. तळाच्या तोंडाशीच थांबले. "घंटा कुठंय?" म्हणाले. मला गंमत वाटली. खिशातून काढून वाजवली. ते सरळ माझ्याकडे चालत आले आणि खाली वाकून हात पुढे केला. हात माझ्या गुडघ्याला लागला. मग वर आला, पोटाला, घंटेला.

मी सांगितलं. मेंढ्या दाखवल्या. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. घंटा घेऊन अंगातल्या लोकरी चोल्याच्या आत ठेवली आणि खाली बसले.

टिहरू एवढंच बोलला, "बाऊजी, काय केलंत हो."

एका बोकडासाठी एवढं सुतक! भाकरी उरली ती कुत्र्यांना घातली.

९ जून

कोणी बोलत नाही. नव्या मेंढ्याही नाही.

१२ जून. हडसरच्या पुढे

चाल निम्म्यावर आली आहे. चाचा दर फर्लांगाला थांबतात. काठीने दगड चाचपतात. आज दोनदा ठेचकाळले. "गुडघा धरतो," म्हणतात. गुडघा चार दिवसांपूर्वीपर्यंत बरा होता.

मी तोडगा काढला – दोन तरणे बोकड पुढे घातले. जोरदार, चपळ. ते निघाले ते सरळ वरच्या कड्यावर! निम्मी शेरडं त्यांच्या मागे, मेंढरं खाली उभी, कळपाचे दोन तुकडे. बिधीला सगळं गोळा करता करता दिवस मावळला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. फुटला तेव्हा तो लिहिण्यासारखा नव्हता.

पटवाऱ्याला कड्यावरचा पाला दिसत नव्हता असं नाही. तो जायचा नाही, एवढंच. आता जाणवतंय. तो दहा पावलं टाकायचा आणि मागे वळून बघायचा. मला वाटायचं म्हातारा दमला.

आमच्या कोठारात गुरबक्ष म्हणून एक जण होता. माल आत घ्यायचा नाही, बाहेर द्यायचा नाही, नुसता स्टुलावर बसून चहा प्यायचा. नोकरकपातीच्या यादीत पहिलं नाव त्याचं मीच घातलं. तो गेल्यावर महिन्याभरात कोठारात कोणाचं कोणाशी पटेना. कोणती कुरबूर कुठे मिटवायची ते त्या स्टुलावर ठरत होतं!

१३ जून

काल गुरबक्षचं लिहिलं आणि स्वतःचं गाळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही.

मला काढलं तेव्हा समोर पंचविशीतली मुलगी होती, माझ्यासारखाच तक्ता घेऊन. तिने विचारलं, "सर, तुम्ही नेमकं काय करता?" मी चार मिनिटं बोललो. ती लिहून घेत होती. मग पेन थांबलं. माझ्या नावापुढे तिने काय लिहिलं ते दिसलं नाही, पण रकाना लहानच होता.

निदान मला बोलू तरी दिलं.

१७ जून. कुगतीच्या वर

आजचा दिवस वाईट गेला. क्रमाने लिहितो.

नाल्यावरचा बर्फाचा पूल कोसळला आहे. पाणी पांढरं, जोरात. चाचा काठावर गेले आणि थांबले. थांबलेच! त्यांच्यामागे सगळी मेंढरं थांबली. मागून टिहरूची शीळ आली, परत आली. चाचा हलेनात.

"पाणी किती आहे?" त्यांनी विचारलं.

माझा तोल गेला. "दिसतंय ना समोर! गुडघाभर!"

"असेल," म्हणाले.

मग मी ते बोललो. सगळ्यांसमोर. "चाचा, धीर होत नसेल तर काठी आत्ताच देऊन टाका."

बिधीने मान खाली घातली. चाचांनी काठी पुढे केली. ती माझ्यापासून थोडी बाजूला गेली, मीच पुढे होऊन घेतली. इतकं सोपं! अकरा वर्षं मी लोकांना हेच शिकवलं – संधी आली की पुढे व्हा.

पुढे झालो. पाणी मांडीपर्यंत. पलीकडे जाऊन हाका मारल्या, काठी आपटली. एक मेंढी हलली नाही. ब्यँ ब्यँ करून ओरडलो! तीनशे एक्केचाळीस तोंडं माझ्याकडे बघत होती. माणूस म्हणून आयुष्यात इतकं ओशाळलो नव्हतो.

शेवटी मागून टिहरू आला. घाई नाही, ओरडा नाही. दोन काखांत दोन कोकरं घेतली, पाण्यात शिरला, पलीकडे नेऊन ठेवली. कोकरं रडू लागली. त्यांच्या आया काठावर नाचल्या, आणि घातली उडी! मग त्यांच्या मागच्या, मग त्यांच्या मागच्या. कळपात पुढचा नसला तर मागचा पुढे येऊन निभावून नेतो, पण किंमत पडते. दोन मेंढ्या वाहून गेल्या. त्यात भरमौरला बोकडाच्या बदल्यात घेतलेली एक होती.

चाचा सगळ्यात शेवटी आले, खेचराची शेपटी धरून.

मी काठी परत त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी विचारलं, "किती गेल्या?" दोन, म्हणालो. "कोणाच्या?" एक आपली, एक गावातल्या निक्कोच्या घरची. निम्मा कळप गावकऱ्यांचा आहे, चाचांच्या भरवशावर सोडलेला. त्यांनी डोळे मिटले. "निक्कोला मी सांगेन," म्हणाले. "तू काही बोलू नकोस."

त्यांनी मला एक शब्द वाकडा बोलायला हवा होता. फार बरं वाटलं असतं.

१८ जून

हिमवर्षाव. थांबलोय. तक्त्याचं पान फाडून चूल पेटवली.

२१ जून

आकाश मोकळं. चाचा सकाळी विचारत होते, "खिंडीवरचा ढग कुठल्या बाजूला वळलाय?" बिधीने सांगितलं. बिधी त्यांना सगळंच सांगतो – वाट ओली आहे, डावीकडे दगड आहे, चहा उजव्या हाताला ठेवलाय. मी समजत होतो, काठीसाठी लोणी लावतोय.

टिहरूला काहीतरी विचारायचं आहे. शब्द सापडत नाहीत.

२४ जून. खिंडीखाली

विचारलं. टिहरू चूल फुंकता फुंकता बोलला. चाचांना दोन वर्षांपासून दिसत नाही. उजेड कळतो, बाकी काही नाही. शिमल्याच्या डॉक्टरने हात टेकले. लोकांना कळलं असतं तर त्यांनी आपली मेंढरं काढून घेतली असती. पटवाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून चाचांनी ही खिंड दोनदा ओलांडली. बिधीला माहीत होतं. मीच तेवढा तक्ता करत होतो.

उद्या खिंड. चाचांकडे काठी मागितली नाही, घंटा मागितली. कंबरेच्या काळ्या दोराला बांधली आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून बघितला, थोडा वर, थोडा खाली.

"उंच आहेस," म्हणाले. "हळू चाल. तो उतारावर थांबायचा."