गोठ्यातली बाभूळ

प्रिय भूपेंद्र,

अनेक आशीर्वाद. काल तुझा फोन आला. मायच्या दहाव्यानंतर चार महिन्यांनी, पहिल्यांदा. नाताळच्या सुट्टीत हेमांगीला आणि मुलांना घेऊन सुरतेहून येतो म्हणालास. मुलांना बंबाच्या पाण्याची आंघोळ आणि अंगणातली शेकोटी पुन्हा हवी आहे, आणि अक्का, गेल्या वेळेसारखी वाळलेली लाकडं ठेव, असंही म्हणालास. मी बरं म्हटलं. नंतर मात्र हात कामाला लागेना. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच बोलशील आणि मी नेहमीसारखी गप्प बसेन, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दहाव्याला नदीवर, सगळ्या भाऊबंदांसमोर तू मला विचारलं होतंस, की तू मसणात का गेलीस? फुंकणी घेऊन आईच्या चितेपाशी बसणारी बाई मी जन्मात पाहिली नाही, म्हणालास. लोक हसले. आपला चुलतभाऊ निंबा तेवढा खाली मान घालून उभा होता.  त्याचं उत्तर आज देते.

आबा गेले तेव्हाचं तुला आठवत असेल. मायच्या वेळेसारखाच श्रावण होता. लाकडं ओली, चिता पेटेना, शेवटी तूच शिरपूरच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणलेस. तो काळा धूर घरापर्यंत आला होता. माय ओट्यावर बसून तो बघत होती आणि तोंडाला पदर लावून स्वतःच्या मरणाबद्दल एकच वाक्य म्हणत होती, "मनं असं करू नका रे." तू पंधराव्या दिवशी सुरतेला गेलास. ती ते विसरली नाही.

पुढच्या वर्षी बांधावरची मोठी बाभूळ वादळात पडली. मायने शेजारच्या वनाभाऊंकडून तिचे ओंडके करून घेतले आणि गोठ्यात दगडांवर रचून ठेवले, वाळवी लागू नये म्हणून. वर पत्रा, त्यावर ताडपत्री. "मी पावसायामा मरनू ते तुम्हनी फजिती व्हवाले नको," असं हसत म्हणायची. दोन उन्हाळे ती लाकडं वाळली. बंबासाठी मी रोज कपाशीच्या पऱ्हाट्या आणत होते, कधी भिजलेल्या, कधी अर्ध्या कच्च्या. फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे, पण त्या ढिगातली ढलपीसुद्धा कधी उचलली नाही.

बंबाचं तुला काय माहीत म्हणा. तुला त्याची तोटी ठाऊक. पहिलं पाणी आबांचं, मग तुझं, मग मायचं. तुझ्यासाठी विसणाची, कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याची बादली शेजारी भरून ठेवायची मी. माझी पाळी येईपर्यंत मधल्या नळीत नुसती राख उरायची. पाचोऱ्याला नांदायला गेले तिथेही तेच, आणि दोन वर्षांत तिथून परत आले तरी तेच. मला आयुष्यात कधी विसण लागलं नाही, भूपेंद्र. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही वाटायचं नाही.

गेल्या जानेवारीत तू आलास तेव्हा थंडी जीव घेणारी होती. मी नेमकी तीन दिवस अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला धुळ्याला होते. परत आले तर अंगणात कुऱ्हाड पडलेली, बंब सकाळपासून दुपारपर्यंत धगधगतोय, हेमांगी दुसऱ्यांदा केस धुतेय आणि मुलं शेकोटीभोवती हुरडा खातायत. तू मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवलास, स्वतः लाकडं फोडतानाचा. वाळलेल्या बाभळीचा काय निखारा पडतो अक्का, म्हणालास. मी गोठ्यात जाऊन आले. दगड तेवढे होते, वरची ताडपत्री नीट घडी करून ठेवलेली.

आणि श्रावणात, एका पहाटे, माय गेली. तू निघालास पण नवापूरच्या पुढे पुलावरून पाणी होतं. दुपारपर्यंत तुझी वाट पाहिली. मग निंबाने अग्नी दिला. वखारीतली लाकडं पिळली तर पाणी निघेल अशी. ट्रॅक्टरमधलं डिझेल ओतलं, भडका व्हायचा आणि विझायचा. चिता दोनदा विझली. कोणीतरी टायरांचं नाव काढलं तेव्हा वनाभाऊ म्हणाले, "अक्काले बलावा. तिन्हाबिगर हाई पेटाव नही."

निंबा धावत घरी आला. मी बंबाशेजारच्या कोरड्या पऱ्हाट्यांचा भारा बांधला, गोवऱ्या घेतल्या, फुंकणी कमरेला खोचली. गोठ्यात कडब्याच्या मागे बाभळीची चार लाकडं सापडली. तुझ्या कुऱ्हाडीतून कशी सुटली देव जाणे. ती पोटाशी धरून, वर गोणपाट घेऊन, भर पावसात नदीवर गेले. माणसं बाजूला झाली. वाऱ्याच्या बाजूने तोंड ठेवून पऱ्हाट्या उभ्या लावल्या, वर ती चार लाकडं घातली आणि गुडघ्यावर बसून अर्धा तास फुंकत राहिले. जसा रोज बंब फुंकते तसाच. माय पेटली. टायर लागला नाही. म्हणून मी मसणात गेले होते.

आता जे सांगायचं नव्हतं ते. इतके महिने मी तुझ्यावर राग धरला, पण ती लाकडं तू चोरली नव्हतीस, हे मला तेव्हापासूनच ठाऊक होतं. मायनेच तुला दाखवली, कशासाठी रचली होती ते न सांगता. मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "पोऱ्या गारठी ग्या व्हता, जळू दे. त्याले सांगू नको, त्याना जीवले लागी." स्वतःच्या सरणाचं लाकूड तिने तुझ्या आंघोळीला दिलं, आणि माझ्यासाठी तिला कधी एक बादली कढत पाणी राखून ठेवावंसं वाटलं नाही. तिचा शब्द मी ती होती तोवर पाळला, नंतरही पाळला असता. पण तू पुन्हा वाळलेली लाकडं मागितलीस. तर ये. मुलांना आण. बंब मी पेटवून ठेवीन, पऱ्हाट्यांवर तापेल तेवढं पाणी तापेल. गोठ्यात त्याच दगडांवर आता कडुलिंबाची लाकडं रचलेली दिसतील, वर तीच ताडपत्री आहे. त्यांना हात लावू नकोस. ती माझी आहेत. मायसाठी मी होते, माझ्यासाठी फुंकणी घेऊन येणारं कोणी नाही.

तुझीच,
अक्का