कडुनिंबाखालचे क्रोटन

१२ मे १९७४, रविवार

दिवसभर घरीच होतो. संध्याकाळी कडुनिंबाखालच्या क्रोटनना पाणी घातलं. सोनेरी पानांची ही झाडं माझ्या बायकोनं, शालूनं, सावलीत जपलेली. ती काविळीनं जाऊन दुसरा महिना. पानं जास्तच पिवळी दिसतात का? मूळचा रंगच तसा, आजार ओळखायचा कसा?

शेजारच्या खोलीतून धाकटा भाऊ शिवा आला.

"दादा, वहिनीची झाडं वाळाय लागली की. पाणी घालता का नुसतंच बघत बसता?"

"त्यांचा रंगच तसा आहे. जेवतोस?"

"नगं. दोन दिस भूकच न्हाय. गिरणीत लई उकडतंय."

हसत त्यानं वर बघितलं. डोळे पिवळे. उन्हाची तिरीप असेल. पानांची झाक असेल. पण शालूचंही आधी डोळ्यांतच दिसलं होतं, आणि आडाचं पाणी आम्ही सगळे तेच पितो.

"उद्या डॉक्टरांकडं जाऊ."

"कशाला? तुमचं आपलं कायतरीच!"

तो रात्रपाळीला गेला. सकाळी गिरणीच्या दारातच त्याला गाठायचं.

आता स्टोव्ह पेटवून त्याच्यासाठी पाणी उकळत ठेवलंय.