आईचं तोंड उघडेपर्यंत

४ जानेवारी
आजपासून नियमित लिहायचं. कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपून वर्ष होत आलं, तरी आईचा जबडा दीड बोटापलीकडे उघडत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. पेंटॉक्सिफायलिन. म्हणाले, काहींना थोडा फरक पडतो, पण तोंडाचा व्यायाम सोडायचा नाही. म्हणजे फरक पडतो! घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, त्यात केमिस्ट्री. गोळीचं सगळं माझ्याकडे.

चुलतभाऊ सिद्धेशदादाचं लग्न फेब्रुवारीअखेर. आई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिच्या त्या गाण्यांशिवाय इथे हळद लागत नाही. या हळदीलाही तीच गाणार. त्याच्या वडिलांना, धर्माजीकाकांना, तसं सांगूनही टाकलं.

११ जानेवारी
आईला मळमळतंय. म्हणजे औषध लागू पडतंय.
ती म्हणाली, "धवले आताच लिवून घे गो, येतील तवरं सांगते." दातांतून शब्द अर्धेच बाहेर येतात. मी म्हटलं, अर्धवट काम नको. तोंड उघडलं की चांगल्या माईकवर रेकॉर्ड करू.

२० जानेवारी
व्यायाम आज राहिला. कालही. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या असतात. आईच्या डोळ्यांतून पाणी येतं, मला बघवत नाही. गोळी चालू आहेच. सोमवारपासून नक्की.

२ फेब्रुवारी
मोजलं. दोन बोटं! (त्यातली एक करंगळी. करंगळीही बोटच.)
सिद्धेशदादाच्या आईला, रखमाकाकूला, सांगितलं, तर म्हणते, "जबड्याला डिग्री दावलीस काय गो?" शेजारच्या गावच्या धवलारणीला सांगून ठेवूया, म्हणे. मी स्पष्ट नाही म्हटलं. विज्ञानावर विश्वास नको का?
आईने पुन्हा धवल्यांचा विषय काढला. घाई काय आहे, म्हटलं.

१५ फेब्रुवारी
तपासणी. डॉक्टरांनी पट्टी लावली. जानेवारीत होतं तेवढंच. गोळी बंद केली. मग काड्यांचं विचारलं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "रोज करते." माझ्याकडे बघितलं नाही.
परतताना रेवसच्या लाँचमध्ये मी तिला सांगितलं, पट्टी झिजलेली असणार. ती हसली. ओठांनीच.

२६ फेब्रुवारी
हळद झाली. काकूने दुसरी धवलारीण आणलीच होती. गाता गाता ती मध्येच अडली आणि आईकडे वळली, "फुडं काय गो बाय?" सगळा मांडव आईकडे बघायला लागला. आईचे ओठ हलले. मी अगदी तिला लागून बसले होते. मलाही कळलं नाही. धवलारणीने तेवढं कडवं सोडून दिलं. बाकी कार्यक्रम छान झाला.

२८ फेब्रुवारी
आज काड्या केल्या. आई निमूट बसली.
नंतर पेन घेऊन म्हटलं, आई, जमेल तेवढं सांग. ती खूप वेळ आठवत राहिली. मग हळूहळू, एकेक शब्द सोडवत म्हणाली, "गाताना आपसूक येवाचं गो. नुसतं सांगाला गेलं तं पयली ओळ बी नाय येत."
मी पेनाला टोपण लावलं. तिलाच माझी कीव आली असावी. म्हणाली, "र्‍हाव दे. चाल तं येते ना तुला? लानपनापासून आयकलंस."
हळद असली की तीच मला माळ्यावर अभ्यासाला बसवायची, मांडवातलं गाणं कानावर पडू नये म्हणून दार लावून जायची.
येते, म्हटलं.