समुद्र दिसणार नाही अशी खोली

चि. सौ. चिंगीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. (तू स्वतः सासू व्हायच्या बेतात असताना ‘चिंगी’ लिहायला हात थोडा कचरतो, पण तुझं लग्नपत्रिकेतलं नाव लिहायला घेतलं की दुसऱ्याच कुणा बाईला पत्र लिहितोय असं वाटतं, आणि परक्या बायकांना पत्रं लिहायची सवय मला कधी लागली नाही, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे.) तुझी पाठ कशी आहे? मेहुण्यांचा गुडघा कुठवर आला? म्हणजे दुखणं कुठवर आलं; गुडघा जागेवरच असणार. तिकडच्या दमट हवेने तुमच्या बरणीतलं मीठ अजून तसंच पाझरतं का? माझी तब्येत उत्तम. तक्रार करायची म्हटलं तर ऐकायला कुणीतरी लागतं, म्हणून मी तक्रार करणंच सोडून दिलंय, आणि त्याने प्रकृतीला बराच आराम पडलाय.

तुझं पत्र पोचलं. सविस्तर होतं. बाल्कनीच्या कठड्याचा गंज खरवडून तुम्ही त्याला पोपटी रंग दिलात, कन्येला नोकरी लागली, मेहुणे लोकांचे बिघडलेले फ्रीज दुरुस्तीला घरी आणतात आणि मग ते बैठकीच्या खोलीतच मुक्काम ठोकतात, सगळं वाचलं. पण चिंगे, एक वाक्य राहिलं. दरवर्षी तू शेवटी लिहितेस, ‘दादा, या वर्षी तरी ये. समुद्र बघशील.’ आणि दरवर्षी मी लिहितो, ‘पुढच्या वर्षी नक्की बघू.’ हा आपला ठरलेला व्यवहार. यंदा पान संपलं, तुझी सही आली, आणि ते वाक्य आलंच नाही. मी पान उलटून पाहिलं. पाकीट झटकून पाहिलं. (पोस्टातले लोक पत्रातली वाक्यं काढून घेत नाहीत, एवढं मला कळतं, तरी झटकलं.) तू विसरली असशील, किंवा तेवढ्यात दूध उतू गेलं असेल. मी मनावर घेतलेलं नाही. फक्त त्याच आठवड्यात मला अचानक सुट्टीवर जायची इच्छा झाली, आणि एवढं मोठं जग सोडून नेमकं तुमच्याच गावाला. या दोन गोष्टींचा तू एकमेकींशी संबंध लावू नकोस. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पुढे जात नाही, हे तूच सगळ्यांना सांगत असतेस.

आता सुट्टी मागायची म्हणजे मुळातच कठीण काम. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवण्यात माझा जन्म गेला. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात काढतात, मागच्या खोलीत मी नवे बनवतो, आणि मधल्या खिडकीतून लोकांच्या जबड्यांचे साचे माझ्याकडे येतात. माणसं येत नाहीत. त्या खिडकीतून मी म्हणालो, ‘मला थोडी रजा हवी होती.’ बाईंनी हातातलं काम टाकलं (खुर्चीतले गृहस्थ तोंड उघडून तसेच राहिले), आत आल्या, माझी नाडी धरली आणि हळूच म्हणाल्या, ‘रिपोर्ट कधी आले?’ मी म्हटलं, रिपोर्ट नाहीत, समुद्रावर जायचंय. हे त्यांना आजारापेक्षा गंभीर वाटलं. पण माणूस चांगला. रजा दिली, वर ‘काही लपवत नाही ना?’ असं जाताजाता दोनदा विचारलं. संध्याकाळी निघताना मी फळीवरच्या साच्यांनाही सांगून टाकलं की जातोय. सगळ्यांनी आ वासला. तो त्यांचा कायमचाच असतो, पण त्या दिवशी मी तो माझ्यासाठी आहे असं धरून चाललो. दिवसभर एवढी तोंडं समोर असतात, चिंगे, पण बोलायला एक नाही.

तिथून प्रवासी कंपनीच्या कचेरीत गेलो. काचेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती. चुणचुणीत, दात निरोगी. तिने रंगीत माहितीपत्रक पुढे केलं. त्यात वाळूवर सगळी माणसं जोडीजोडीने हसत होती. त्यांतल्या एका गृहस्थाचे वरचे पुढचे दोन दात बाकीच्यांहून स्वच्छ पांढरे होते. माझ्या हातून रंग असा चुकला असता तर मी चारचौघांत तोंड दाखवलं नसतं, आणि हा बाबा समुद्रकिनाऱ्यावर दाखवत होता. मुलीने विचारलं, ‘किती जण?’ मी म्हटलं, ‘एक.’ ती म्हणाली, ‘एक जोडपं?’ मी म्हटलं, ‘एक मी.’ ती थोडा वेळ संगणकाची बटणं दाबत राहिली. एकटा माणूस त्या यंत्राच्या घशाखाली उतरेना. खोली दोघांची, होडी दोघांची, पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवतात म्हणे, तेही दोन. मी विचारलं, एकट्याला एकच हंस ठेवतात का? ती म्हणाली, ‘हंस जोडीनेच येतात, सर.’ मी म्हटलं, असू दे; एकाने अंग पुसेन, दुसऱ्याशी बोलेन. ती हसली, पण नंतर माझ्याशी जरा जास्तच हळू आवाजात बोलायला लागली, ते मला आवडलं नाही.

मग तिने समुद्राकडच्या खोल्या दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, ‘मला समुद्र दिसणार नाही अशी खोली हवी.’ तिला वाटलं माझी जीभ घसरली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिने आतून साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, ‘अहो, लोक समुद्र दिसला नाही म्हणून आमच्याशी भांडतात.’ मी म्हटलं, सारखी हलणारी वस्तू समोर असली की मला पेपर वाचता येत नाही. (हे तिथल्या तिथे सुचलं. मागाहून मलाही पटायला लागलं.) शेवटी मागच्या बाजूची एक खोली निघाली. तेवढ्यात मुलीने विचारलं, ‘तिथे ओळखीचं कुणी आहे का? अडीअडचणीला कळवायला बरं.’ माझ्या तोंडून पटकन ‘नाही’ गेलं. रस्त्यावर आलो, कोपऱ्यापर्यंत चाललो, आणि पाय काही पुढे पडेना. परत आत गेलो नि म्हटलं, ‘आहे. सख्खी बहीण आहे.’ ती म्हणाली, ‘मग खोली कशाला, सर?’ मी म्हटलं, ‘तिची पाठ दुखते.’

पुढची तयारी हवेची. त्या माहितीपत्रकात तुमच्या गावाची हवा ‘उपोष्ण’ असल्याचं लिहिलं होतं. ‘उप’ लागलेली वस्तू मुख्य वस्तूपेक्षा जास्त तापते, हा माझा अनुभव आहे (आमच्या बँकेतले उपव्यवस्थापक). तेव्हा आधीच अंगाला सवय असावी म्हणून मी खोलीच्या खिडक्या लावल्या, दोन्ही शेगड्यांवर पातेली भरून पाणी उकळत ठेवलं आणि अर्धी चड्डी नि नवी टोपी घालून मधोमध खुर्ची टाकून बसलो. पहिल्यांदा बरं वाटलं. मग कॅलेंडर वळलं, चष्मा धुरकटला, भिंतीवरचं आईबाबांचं छायाचित्र दिसेनासं झालं. वाफ दाराखालून जिन्यात गेली असावी, कारण खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मावशी पाण्याची बादली घेऊन वर आल्या आणि दार उघडताच ती त्यांनी, काही न विचारता, मला उद्देशून ओतली. ओलाव्याची सवय त्याच क्षणी पूर्ण झाली. मग माझा अवतार पाहून त्या खाली बसल्या आणि हसत सुटल्या. मी चहा केला (पाणी उकळलेलं होतंच). माझ्या खोलीत कुणीतरी बसून चहा पिण्याची घटना बऱ्याच काळाने घडत होती, म्हणून मी त्यांना सगळा बेत सांगितला. तुझाही उल्लेख केला. त्यांनी बशी खाली ठेवली नि म्हणाल्या, ‘म्हणजे बहीण बोलवत नाही होय?’ मी म्हटलं, ‘बोलावते हो! दरवर्षी बोलावते!’ ते मी जरा मोठ्याने म्हटलं. त्या गेल्यावर खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, आणि मग मला फार एकटं वाटलं. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलो.

पोहण्याचं सांगायचं राहिलंच. समुद्राला जायचं तर निदान बुडता यावं, म्हणून सार्वजनिक तलावावर नाव घातलं. शिकवणारे गुरुजी म्हणजे धिप्पाड गृहस्थ, गळ्यात शिट्टी. मी कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून उभा असे, आणि ते काठावरून ‘डोकं खाली घाला!’ म्हणून ओरडत. माझं डोकं या बाबतीत माझंही ऐकत नसे. एक दिवस त्यांनी माझ्यावर इतक्या जोराने शिट्टी फुंकली की शिट्टीबरोबर त्यांची कवळीही बाहेर आली. शिट्टी गळ्यात राहिली, कवळी बुडाली. पाणी निळं, सगळ्यांची धावपळ, गुरुजी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभे. मी खाली पाहिलं तर ती माझ्या पायाशी. आणि चिंगे, ती मी ओळखली! वरचा एक दात मी मुद्दाम किंचित कलता बसवला होता. सगळे सरळ असले की माणूस खोटा दिसतो. स्वतःच्या हातची वस्तू अशी लोकांच्या पायाखाली बघवेना. मी काय करतोय हे कळायच्या आत डोकं खाली घातलं आणि ती घेऊन वर आलो. नाकात पाणी गेलं ते वेगळं.

गुरुजींनी ती धुऊन बसवली आणि हसले. एवढ्या वर्षांत मी बनवलेलं हसू मी पहिल्यांदाच चालू असलेलं पाहिलं. त्यांनी मला पायऱ्यांवर बसवून घेतलं आणि मी हे काम कुठे शिकलो ते विचारलं. मग मी त्यांना तुझा दात सांगितला. तुझा पुढचा दुधाचा दात पडला होता, शाळेत फोटो काढायचा होता आणि तू तोंड उघडायला तयार नव्हतीस, तेव्हा मी मेणबत्ती कोरून तुला दात करून दिला होता. माझ्या हातचा पहिला दात तो. फोटोत तू हसलीस, आणि घरी येताना रस्त्यात तो गिळलास. नंतर ‘आता माझ्या पोटात दात येणार’ म्हणून किती रडलीस! गुरुजी ऐकत राहिले. मग त्यांनीही तुझी विचारपूस केली, आणि मी काही न लपवता त्या राहिलेल्या वाक्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘ज्या बहिणीने तुमचा दात गिळलाय, तिच्याकडे जायला आमंत्रण कशाला लागतं?’ मी टॉवेल उचलला नि तडक घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

असो. पत्र लांबलं. मेहुण्यांना नमस्कार, कन्येला आशीर्वाद, बैठकीतल्या फ्रीजना यथायोग्य. उत्तराची मुळीच घाई नाही.

तुझा,
दादा

ता. क. ती मागच्या बाजूची खोली तुमच्या मागल्या गल्लीतल्या हॉटेलातली आहे. तिच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, नुसत्या लोकांच्या बाल्कन्या दिसतात, असं त्या मुलीने दिलगिरीने सांगितलं होतं. त्यांतल्या एखाद्या बाल्कनीला पोपटी कठडा आहे का, तेवढं तिने माझ्यासाठी हॉटेलला फोन करून विचारलं. आहे.

आणखी एक ता. क. ते वाक्य विसरली असशील तर नुसतं तेवढंच एका कार्डावर लिहून पाठव. मुद्दाम गाळलं असशील तर त्यातही तुझी चूक नाही. बोलावून बोलावून माणूस थकतं. समुद्र काही पळून जात नाही, असं मी म्हणत आलो, आणि तुलाही त्याच हिशोबात धरलं.

शेवटचा ता. क. कार्ड पाठवू नकोस. हॉटेलची खोली मी आजच नको म्हणून सांगून आलो (मुलीला हंसांचं वाईट वाटलं). तिकीट मात्र काढलंय. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी गाडीत असेन. स्टेशनवर येऊ नकोस, पाठ सांभाळ. पोपटी कठडा मला सापडेल. मी खाली उभा राहून हाक मारीन. ‘वर ये’ असं मला निदान तीनदा म्हणावं लागतं, हा माझा लौकिक तुला माहीतच आहे. या वेळी एकदाच म्हण. लगेच येईन.