एकेचाळीस चमका आणि एक झाकण

३ नोव्हेंबर, सकाळी ७
निश्चय: आजपासून रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही.
रेडिओबाईंची मेल आली. मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी मॅडमच म्हणतो. फार लांबच्या एका आकाशगंगेतून अधूनमधून रेडिओलहरींचा फटका येतो. एक मिलिसेकंद टिकतो. पापणी लवेपर्यंत असे शंभर मावतील. त्याच क्षणी तिथे उजेडही चमकतो का, हे आजवर कुणाला दिसलेलं नाही. म्हणून मॅडमनी हौशी मंडळींना त्या जागेवर कॅमेरे रोखायला सांगितलेत.
चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा घासल्या. आता स्वतः घासलेल्या आरशातून बघायचं. कुणाला दिसलेलं नाही. मला दिसणार.

५ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
दिसली!
घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्यावं. (कोणी? असो.) गच्चीवर मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा, तिच्या शेजारच्या छोट्या दुर्बिणीला माझा उजवा डोळा. अगदी कडेला निळसर पांढरी, कोयत्यासारखी वाकडी चमक. रात्रभरात तीन.
कॅमेऱ्यात एकही नाही. साहजिक आहे. कॅमेरा तीस-तीस सेकंद उघडा असतो, त्यात मिलिसेकंदाची चमक म्हणजे हौदात मिठाचा खडा. डोळ्याचं तसं नसतं. डोळा ताजा असतो.
हिला उठवून सांगितलं. म्हणाली, चहा गार होतोय.

८ नोव्हेंबर
एकूण अकरा. सेकंदापर्यंत वेळा लिहून मॅडमना पाठवल्या. त्यांच्याकडे या दिवसांत फटके दोनच. एकही जुळत नाही. सर्वांत जवळचा चार तासांनी चुकतो. मी कळवलं की वाटेतल्या वायूमुळे रेडिओलहरी मागे पडतात, उजेड पुढे येतो, पुस्तकात आहे. त्यांनी लिहिलं, खरं आहे काका, पण काही सेकंद. चार तास नाही.
‘काका’ लिहिलं. जवळीक वाढतेय.

१० नोव्हेंबर, दुपारी
घरात माश्या फार झाल्यात. जेवताना उजवीकडे सारखी एक घोंघावते. आवाज नाही, नुसती काळी. वर्तमानपत्राची सुरळी करून चार फटके मारले. एक वरणाच्या वाटीला लागला.
ही म्हणाली, माशी नाहीये. आणि माझ्याकडे बघत राहिली. एरवी वरण सांडलं की ती वरणाकडे बघते.

१२ नोव्हेंबर, सकाळी ८.२०
अंघोळ करताना चमक. तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले.
ही चमक मोजणीत धरायची नाही.
धरली. पेन्सिलीने.

१४ नोव्हेंबर, सकाळी
रात्री तारे अजिबात दिसेनात. वाटलं ढग आले. तरी चिकाटी सोडली नाही आणि फळ मिळालं: सहा चमका. आवरायला लागलो तर छोट्या दुर्बिणीचं झाकण काढलेलंच नव्हतं.
पायरीवर बसून राहिलो. मग सुचलं, चमक इतकी जबरी असेल की प्लास्टिकमधूनही आली असेल. शक्य आहे. विज्ञानात काहीही शक्य आहे.
झाकण खाटेखाली लांब सरकवून दिलं. त्याच्याकडे बघवेना.

१६ नोव्हेंबर
उगाच तो शिंपी आठवतो. दुकानात यायचा, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून. एकदा म्हणाला, भाऊ, डोळ्यात वीज चमकते आणि काळे ठिपके उडतात. मी शटर ओढलं, त्याला गाडीत घातलं आणि तसाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेला. वीज चमकते म्हणणाऱ्याला उद्या ये म्हणायचं नाही, हा दुकानाचा नियम. मीच केलेला.
त्याचं वेगळं होतं. तो आकाशाकडे बघत नसे.
निश्चय: शिंप्याचा विचार करायचा नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९
जुळली! मॅडमचा फटका आणि माझी चमक, फरक चार सेकंद. वहीतली एकेचाळिसावी. हिला धरून नाचवणार होतो, पण दाराची चौकट उजवीकडून मध्येच आली. कपाळाला टेंगूळ.
ही बर्फ लावता लावता म्हणाली, नळ दिवसभर गळत असेल तर बेल वाजेल तेव्हा एखादा थेंब पडणारच. शाळेत सातवीपुढे गेली नाही आणि मॅडमनी मेलमध्ये नेमकं हेच लिहिलंय, आकडे घालून. दोघींची ओळख नाही, हे मी तपासलं.

२० नोव्हेंबर, दुपारी ४
खालच्या कोपऱ्यात सावली आहे. उजव्या. गच्चीच्या कठड्याची असावी.
घरात आलो. कठडा बरोबर आला.
डावा डोळा झाकून पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचा खालचा आठवडा गायब. परत झाकून बघणार नाही. न बघितलेलं वाढत नाही.

२१ नोव्हेंबर, सकाळी
वाढलंय. आता दोन आठवडे.
चहाच्या कपाशेजारी चहा ओतला. हिने पुसून घेतलं, माझ्यासमोर बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, “त्या शिंप्याला तुम्ही हात धरून नेलंत. आज माझा हात धरा.”
मी म्हटलं, आज आकाश स्वच्छ आहे, उद्या जाऊ. ती म्हणाली, उद्या म्हणायचं नाही असा नियम होता ना? चाळीस वर्षं ऐकतेय.
डाव्या पायात उजवी चप्पल घातली. वयामुळे.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी
डॉक्टरांनी दिव्याने आत खूप वेळ बघितलं. चमका कधीपासून, असं विचारलं. मी वही काढली. तारीख, तास, मिनिट, सेकंद. त्यांनी पानं उलटली, मग शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवली. इतकी चोख नोंद ठेवणारा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. झेरॉक्सही काढली. क्षणभर बरं वाटलं.
मग म्हणाले, “काका, डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटलाय. पहिली चमक दिसली तेव्हाच आला असतात तर लेझरने दहा मिनिटांचं काम होतं.”
ऑपरेशन उद्या. किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही. मी विचारलं, झाकण असतानाही चमक दिसते ती... ते म्हणाले, कुठलं झाकण?
घरी येताना ही एवढंच म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण दंड सोडला नाही. मला वाटलं तिला उंबरठा दिसत नसेल. मग कळलं, माझा दंड थरथरतोय हे तिला कळू नये म्हणून मी तो ताठ धरलाय, आणि तिला ते कळलंय हे मला कळू नये म्हणून ती तो सोडत नाहीये.
वाक्य गुंतलं. भीती वाटतेय, एवढंच.

२८ नोव्हेंबर
डोळ्यात वायूचा फुगा भरलाय. पडदा त्याच्या दाबाने परत चिकटतो म्हणे. त्यासाठी दहा दिवस पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे. आकाश बघायचं नाही. खाटेच्या कडेवरून डोकं बाहेर काढून, खाली पाटावर वही ठेवून डाव्या डोळ्याने लिहितोय. अक्षर सांभाळून घ्यावं.
मॅडमची मेल हिने वाचून दाखवली. माझ्या कॅमेऱ्याचे सगळे कोरे फोटो त्या घेणार आहेत. फटक्यांच्या वेळी तिथे काहीच दिसलं नाही, म्हणजे चमक असलीच तर इतक्याहून फिकी असणार, असं त्यावरून सिद्ध होतं. मला जे दिसलं ते रद्द, कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते छापणार. माझ्या नोंदींचं काय करायचं, असं त्यांनी अदबीने विचारलंय. मी हिला म्हटलं, लिही: चमकेच्या उगमाचं अंतर दोन बोटं. रद्द समजावं.
उजव्या डोळ्याचं सहा आठवड्यांनी कळेल.
फरशीवर, वहीच्या पलीकडे खाटेखाली आत, बरोबर नजरेसमोर, झाकण आहे. सहा दिवस त्याच्याकडेच बघतोय. हात पोचत नाही. शेवटी हिला काढून द्यायला सांगितलं. ती गुडघ्यावर बसली, वाकली. विचारलं, हे इथे कशाला ठेवलं होतंत?
म्हटलं, भीती वाटली म्हणून.
तिने ते पुसलं आणि गच्चीवर जाऊन दुर्बिणीला लावून आली.
चहा स्ट्रॉने प्यायलो. गार झाला होता.