लेम्पीचे बूट

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुन्हा! पोहण्याच्या तलावाकडे जाताना ओल्या फरशीवर माझ्या मागे – चप्, चप्. लेम्पीची चाल! वळून पाहिलं. चष्मा कपाटात, सगळं धूसर, पण मागे कोणी नव्हतं हे नक्की. लेम्पीला, माझ्या बहिणीला, पुरून दोन महिने झाले.

पाण्यात तर कहरच. खोल भागात, तळाला पाय न टेकवता, व्यायामाचं धावत होते – तिचेच रबरी बूट, तिचाच कमरेचा, तरंगत ठेवणारा फोमचा पट्टा, नवे कशाला घ्यायचे? – तर मागून मांडीला कोणीतरी हात लावला. हळूच. ती लावायची तसा. ‘टाइमी, जरा दमानं!’ म्हणायची मला.

नंतर तिथल्याच कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप घेतलं. दोन चमचे उचलले, एक परत ठेवला.

१३ नोव्हेंबर

भीती वाटते. तरी गेले.

१६ नोव्हेंबर

एक पोहणारा खेकसला, “अहो बाई, अर्धी लेन कोणासाठी अडवलीय?” खरंच की! डावीकडची जागा मी तिच्यासाठी सोडून धावत होते. बारा वर्षं आम्ही शेजारी शेजारी, गप्पा मारत पाण्यात धावलो. शिव्या दोघी मिळून खायचो. आज एकटीनं खाल्ल्या.

२० नोव्हेंबर

फरशीवर पाय सटकला. व्यायाम घेणाऱ्या जार्कोनं दंड धरला म्हणून वाचले. “खुब्याचं ऑपरेशन झालंय तुमचं! पुन्हा पडलात तर तिसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर विसरा.” मग खाली बसून माझी टाच चाचपली. “हे कोणाचे बूट? दोन बोटं जातायत आत! म्हणून चपचप वाजतायत.” पट्टाही ओढून पाहिला. “आणि हे टोक केवढं लोंबतंय. पाण्यात मांडीला लागत नाही?”

लागतं. लेम्पी जाड होती, मी काडी.

म्हणजे ती नव्हतीच. मीच होते. साउनात, तिथल्या गरम वाफेच्या खोलीत, बसून रडले. बायकांनी नजर वळवली, एकीनं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, की आवाज झाकला जावा. आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

२३ नोव्हेंबर

नवे बूट. जाळीचे, तळाला भोकं – पाणी आत साचत नाही. मला आवळ वाटले. जार्को म्हणाला, “कोरडे असताना घट्टच हवेत, भिजले की सैलावतात.” खरं निघालं. पट्ट्याचं टोकही खोचलं. फरशीवर पाय कसा रोवून पडतो! छान आहेत. फार छान.

आवाज नाही. हात नाही.

तिचे बूट तलावावरच्या विसरलेल्या वस्तूंच्या टोपलीत टाकले. घरी ठेवले असते तर घालून फिरले असते.

२७ नोव्हेंबर

खुबा दुखत नाही. सगळे शाबासकी देतात. मला लेम्पी हवी आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

चप्, चप्. माझ्या मागे! माझे बूट तर नवे! वळले.

सिल्वी नावाची बाई. माझ्याच वयाची, गुडघा धरून चालणारी, नवखी. पायात लेम्पीचे बूट. “टोपलीत फुकट मिळाले, नशीबच माझं!” टाचेत दोन बोटं मावतील एवढी फट मला चष्म्याशिवायही दिसली. फरशी ओली होती. जार्कोचं सगळं बोलणं ओठांवर आलं.

सांगितलं नाही. डावी बाजू तिला दिली आणि विचारलं, “पुढच्या गुरुवारी येणार ना?”